‘विदाउट प्रेज्युडिस’चे कवच

‘विदाउट प्रेज्युडिस’ ही संज्ञा इंग्लंडच्या दिवाणी न्यायव्यवहारातली. वाद मिटवण्यासाठी एका पक्षाने दुसऱ्याला पत्र लिहिले आणि बोलणी फिसकटली, तर पत्रातली कबुली खटल्यात त्याच्यावर उलटवता येत नाही, हे तिचे मुख्य काम. ‘प्रेज्युडिस’ म्हणजे येथे हक्काला येणारी बाधा. 1889 साली वॉकर विरुद्ध विल्शर या खटल्यात न्या. लिंडली यांनी मर्यादाही सांगून ठेवली: अटी नाकारल्या गेल्या तरच हे संरक्षण, स्वीकारल्या गेल्या तर पक्का करार होतो.

दहा लाखांचा दावा लावणारा अनेकदा सहा लाखांवरही तयार असतो. पण उद्या न्यायाधीशापुढे ‘यानेच सहा मागितले होते’ असे ऐकावे लागेल, या धास्तीने तो गप्प राहतो. ही धास्ती काढून टाकणे यातच या नियमाचे शहाणपण आहे.

पत्राच्या माथ्यावर हे शब्द लिहिले की कसलाही मजकूर झाकला जातो, हा समज मात्र खुळा. न्यायालय मथळा नव्हे, प्रसंग पाहते. तडजोडीचा खरा प्रयत्न असेल तर शब्द नसतानाही संरक्षण मिळते. मुळात वादच नसेल तर शब्द असूनही मिळत नाही. ब्रॅडफर्ड अँड बिंगली विरुद्ध रशीद या 2006 च्या निकालात कर्जदाराने कर्ज मान्य करून फक्त सवलत मागितली होती. कर्जाविषयी वाद नसल्याने हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याची पत्रे पुराव्यात घेतली.

भारतात हे तत्त्व 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 23 मध्ये होते; 1 जुलै 2024 पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 21 मध्ये आहे, तेही दिवाणी प्रकरणांपुरते. कबुलीचा पुरावा द्यायचा नाही अशी स्पष्ट अट तरी हवी, किंवा उभय पक्षांचे तसे ठरले होते असे परिस्थितीवरून न्यायालयाला दिसले पाहिजे.

वकिलांच्या नोटिशींत मात्र हे शब्द सर्रास दिसतात, अगदी जी नोटीस पुढे स्वतःच कोर्टात दाखल करायची तिच्यावरसुद्धा! तिथे कवच निरर्थक असते. ‘हक्क राखून’ या दुसऱ्या अर्थाने मात्र ते उपयोगी पडतात. भाडेकरार संपवल्याची नोटीस दिल्यावर घरमालक भाडे घेतो तेव्हा पावतीवर ते लिहितो, म्हणजे भाडे स्वीकारून नोटीस सोडून दिली असा अर्थ भाडेकरूला सहज काढता येत नाही.