उघड्या दाराचे आभार

लंडन शहरांत १९९२ सालापासून दर सप्टेंबरांत, एरवीं बंद असलेल्या अनेक इमारतींचीं दारें सर्वांस विनामूल्य उघडतात. एखाद्या गृहस्थानें आपलें राहतें घर परक्यांस दाखविलें तर त्याचे आभार मानावे, यांत वाद नाहीं. पण सरकारी वाड्याचें काय? परराष्ट्र कचेरींतील दरबार चौक या निमित्तानें लोकांनीं अनेकदां पाहिला आहे. हा चौक मूळचा इंडिया ऑफिसचा. तेथें १८६७ सालीं तुर्कस्तानच्या सुलतानासाठीं नाचाचा मोठा समारंभ झाला, व त्याचा खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडला. भारतमंत्र्याचा पगारही १९१९ च्या कायद्यापर्यंत तेथूनच जाई. (नाच साहेबांचा, बिल रयतेचें!) ज्यांच्या पैशानें तेथें दिवे लागले, त्यांच्या पणतवंडांनीं ‘फुकट पाहावयास मिळालें’ म्हणून धन्यता मानावी काय? आजचे अधिकारी निराळे, त्यांस दार बंदही ठेवतां आलें असतें, असें कोणी म्हणेल. खरें आहे, पण ऋणकोच्या नातवानें बुडविलेल्या पैशाचा दागिना वर्षांतून एकदां दाखविला, तर त्यास आम्ही सभ्य म्हणूं, दाता म्हणणार नाहीं. त्या चौकांत जाण्याचा योग आलाच, तर दाराशीं स्वखुशीनें उभ्या असलेल्या स्वयंसेवकास आम्ही नमस्कार करूं. अभिप्रायाच्या वहींत मात्र कांहीं लिहिणार नाहीं.