झोळी कुणाची?

मार्गशीर्ष पौर्णिमेला आमच्या देवळात सायंकाळी जन्मकाळाचं कीर्तन होतं. पाळणा हलतो, सुंठवडा वाटला जातो. अनसूयामातेची कथा मी लहानपणापासून ऐकतो आहे. तीन देव भिक्षेकऱ्यांच्या वेषात दारी आले, माउलीनं तीर्थ शिंपडलं आणि तिघांची तान्ही बाळं झाली. कथा ऐकताना माझं लक्ष नेहमी तिच्या सत्त्वाकडे असे. तीन वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा त्या भिक्षेकऱ्यांकडे गेलं. का, ते सांगतो.

माझा नातू तेव्हा सहा वर्षांचा होता. ताप हटेना, अंगावर निळे डाग उठू लागले. कोल्हापुरात रक्त तपासलं आणि परळच्या टाटा रुग्णालयात जायला सांगितलं. रक्ताचा कर्करोग. तिथले डॉक्टर म्हणाले, "आजोबा, मुलांमधला हा आजार बरा होऊ शकतो. पण उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. मध्येच सोडायचे नाहीत."

मी देवस्थान समितीचा खजिनदार. बावीस वर्षं अन्नदानाच्या पावत्या फाडलेल्या. घरात घेणारा हात कधी नव्हता. समितीतल्या मंडळींनी आपणहून ठरवलं, की उत्सवात नातवाचा फोटो मोठ्या फलकावर लावायचा आणि मदत गोळा करायची. केस गेलेला, तोंडाला मास्क लावलेला फोटो. मी होकार दिला.

मुंबईहून मुलाचा फोन आला. "आप्पा, फोटो लावू नका. उद्या तो बरा होऊन शाळेत येईल. पोरं त्याला फलकावरचा म्हणून ओळखतील."

मी चिडलो. "अरे, फोटो बघितल्याशिवाय लोकांचा हात खिशात जात नाही!"

फोन ठेवला आणि माझंच वाक्य मला बोचलं. आजवर मी तेच करत आलो होतो. ज्या पोराचा चेहरा बघून गलबललं, त्याला दिलं. बाकीच्यांचे कागद बाजूला सारले. आणखी एक सांगायला लाज वाटते, पण सांगतो. गावातल्या एका घरी असंच मूल आजारी होतं, तेव्हा मी त्याच्या आईसमोर म्हणालो होतो, "मागच्या जन्मीचं काहीतरी असेल." आता तेच वाक्य माझ्या दारात, माझ्या सुनेसमोर कुणीतरी बोललं. तिनं काही उत्तर दिलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन कितीतरी वेळ भांडी घासत बसली.

पुढे मी मुंबईला गेलो. औषधांचा बराचसा खर्च सरकारी योजनेतून भागला. पण योजनेतून रोजचा बुडालेला पगार मिळत नाही, की दोन वर्षं राहायला जागा मिळत नाही. केमोथेरपीनं मुलाची प्रतिकारशक्ती पार खचते. साधा संसर्गही जिवावर बेततो. अशा पोराला घेऊन रुग्णालयाबाहेर फुटपाथवर राहणारी कुटुंबं मी पाहिली. बिहारची, बंगालची, आपल्या मराठवाड्याची. औषध मिळूनही काही जण उपचार अर्धवट टाकून गावी परततात, ते ह्याच कारणानं.

दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत आम्हांला आसरा मिळाला. २००६ पासून सेंट ज्यूड ही संस्था कर्करोगी मुलांच्या कुटुंबांना विनामूल्य निवारा देते. परळचंच वाडिया बाल रुग्णालय १९२९ साली मुलांनी आपल्या आईच्या, बाई जेरबाईंच्या नावानं उभारलं. ह्या जागांना ज्यांनी दिलं, त्यांनी कुठल्या एका पोराचा चेहरा पाहून दिलं नव्हतं. माझा नातू तर तेव्हा जन्मलाही नव्हता.

एकदा त्याला प्लेटलेट्स हव्या होत्या. त्या पाचच दिवस टिकतात, म्हणून दाते सतत लागतात. मी बाही सरसावून गेलो. वय ऐकून त्यांनी नमस्कार करून परत पाठवलं. शेजारी विशीतला एक मुलगा तासभर यंत्राला हात जोडून बसला होता. मी विचारलं, "कुणासाठी?" म्हणाला, "माहीत नाही, काका. ज्याला लागेल त्याला."

धर्मशाळेतलं शेजारचं एक मूल मात्र वाचलं नाही. कितीतरी लोकांनी त्याला मदत केली होती. ती वाया गेली का? पुष्कळ दिवस मी ह्यावर विचार केला. शेवटचे महिने ते स्वच्छ अंथरुणावर, आईच्या कुशीत झोपलं, फुटपाथवर नाही. दान फळलं की नाही, हे मूल वाचण्यावरून मोजायचं असेल, तर तो सौदा झाला. औदुंबरी मेलेलं बाळ उठल्याची कथा आपण गुरुचरित्रात वाचतो. मग हे का नाही उठलं? ह्याचं उत्तर माझ्यापाशी नाही, आणि त्याच्या आईला ते उत्तर देण्याचा अधिकारही मला नाही.

दत्तमहाराज दुपारी कोल्हापूरला भिक्षेला येतात, अशी आपली श्रद्धा. ज्याच्या खांद्यावर खुद्द झोळी आहे, त्याच्या भक्तानं घेण्याची लाज का धरावी? पण झोळी मोठ्या माणसानं आपल्या खांद्यावर घ्यावी. आजारी पोराच्या गळ्यात अडकवू नये. आणि अनसूयामातेनं त्या बाळांना पूर्वकर्म विचारलं नाही. मांडीवर घेतलं, दूध पाजलं.

फलक छापला नाही. उत्सवात मी स्वतः उभा राहून, मुंबईत उपचार घेणाऱ्या सगळ्याच मुलांच्या निवाऱ्यासाठी मागितलं. फोटो असता तर जास्त जमलं असतं, हे खरं. कमी जमलं. मागताना माझा आवाज कापत होता, एवढं आठवतं. ज्या आईला मी ते वाक्य बोललो होतो, ती रांगेत होती. तिनं पन्नास रुपये ठेवले. मी पावती फाडली आणि तिच्यापुढे हात जोडले.

नातू आता नऊ वर्षांचा आहे. औषधं थांबली, तपासण्या चालू आहेत. यंदा पाळण्याची दोरी त्याच्या हाती देणार आहोत.

श्री गुरुदेव दत्त.