तळ्यापासून तळीयेपर्यंत

महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट आपण बहुतेक वेळा २० मार्च १९२७ पासून सांगायला लागतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर पायऱ्या उतरतात, ओंजळीने पाणी पितात, मागून आलेले लोक तेच करतात. प्रसंग इतका मोठा आहे की त्याच्या आधीचा कागदी व्यवहार वाचायचा कंटाळाच येतो. पण मानवी हक्क ही कल्पना आपल्या मातीत कशी रुजली हे पाहायचे तर त्या कंटाळवाण्या कागदांत शिरायला हवे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात एक ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा त्याचा आशय होता. सप्टेंबरात सरकारने तो आपल्या खात्यांकडे अंमलासाठी पाठवला. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने स्वतःचा ठराव करून तळे खुले केले. म्हणजे कागदावर तळे १९२४ सालीच उघडले होते. पुढची तीन वर्षे तो ठराव दप्तरात पडून राहिला. या तीन वर्षांकडे मला पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटते, कारण हक्काचा प्रवास कुठे अडतो ते तिथे उघडे पडते. ठराव मुंबईत झाला, ठराव महाडातही झाला, आणि तरीही तळ्याच्या पायऱ्या कोरड्या पावलांच्याच राहिल्या. मधला दुवा होता तो माणसांचा, आणि तोच नव्हता.

तो दुवा घडवला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेने. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ तथा सुरबानाना टिपणीस अशा मंडळींनी परिषदेची उभारणी केली. गावोगाव निरोप देणे, लोकांना महाडपर्यंत आणणे, त्यांच्या जेवणाची आणि राहण्याची सोय पाहणे, ही कामे पगारी नोकरांनी केलेली नव्हती. परिषदेला जमलेल्यांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले, ही नोंद मला त्या काळातल्या कोणत्याही भाषणापेक्षा बोलकी वाटते. समोर सार्वजनिक तळे, हातात नगरपालिकेचा ठराव, आणि पाणी मात्र विकतचे. तळ्यावर जाऊन आल्यावर देवळात घुसण्याच्या अफवेने हल्ला झाला, नंतर तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. कमी ठाऊक आहे ते असे की ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोल्यांच्या ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. ज्या संस्थेने दार उघडले तिनेच ते लावले. डिसेंबरात दुसरा सत्याग्रह ठरला तेव्हा विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. आंबेडकरांनी तो मानला, तळ्याभोवती मिरवणूक काढली, पाण्याला हात लावला नाही. दावा लांबत लांबत मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला.

निकालाचा आधार मात्र अरुंद होता. तळे केवळ सवर्णांनीच वापरावे अशी अनादी काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, एवढेच न्यायालयाने म्हटले. सगळी माणसे समान म्हणून पाण्यावर सर्वांचा हक्क, असे तिथे कुणी लिहून दिले नाही. ते लिहिले गेले घटनेत. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापराबाबत भेदभाव करता येणार नाही, असे म्हणताना ते पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या निधीतून राखलेले किंवा लोकांच्या वापरासाठी समर्पित केलेले असावेत, अशी अट आहे. बोल्यांच्या ठरावातला ‘सार्वजनिक पैसा’ आणि घटनेतला ‘राज्याचा निधी’ यांचे नाते शब्दाशब्दांत दिसते. इथेच महाडच्या कल्पनेची खरी ताकद आहे. तिने दयेचा युक्तिवाद केला नाही. जे सर्वांच्या पैशाने उभे आहे आणि ज्याचा कारभार लोकनियुक्त संस्था पाहते, ते सर्वांचे, हा तिचा युक्तिवाद. भूतदयेने पाणी देणारा उद्या मन बदलून पाणी बंद करू शकतो. नगरपालिकेनेही ऑगस्टात मन बदललेच होते. पण एकदा मालकीचा प्रश्न उभा राहिला की मन बदलणाऱ्याला कारण सांगावे लागते, न्यायालयात उभे राहावे लागते, आणि शेवटी पुरावा द्यावा लागतो.

आता यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप खुद्द आंबेडकरांचाच आहे. १९३२ साली मुंबई कौन्सिलात ग्रामपंचायतींचे विधेयक आले तेव्हा त्यांनी त्याला विरोध केला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडतानाही खेडे हा घटनेचा पाया मानायला त्यांनी नकार दिला, कारण त्यांच्या अनुभवात खेडे म्हणजे संकुचितपणा आणि जातीची पकड. नंतर दुरुस्ती येऊन ग्रामपंचायतींचा उल्लेख अनुच्छेद ४० मध्ये आला तो मार्गदर्शक तत्त्व म्हणून, हक्क म्हणून नव्हे. मग स्थानिक संस्थेच्या दारी मानवी हक्क मागायला जाणे म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणे नव्हे काय? हा आक्षेप जुना झाला असेही म्हणता येत नाही. रायगडात आणि कोकणात गावकीने कुटुंबे वाळीत टाकल्याच्या तक्रारी आपल्या पिढीत इतक्या आल्या की महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. तो पुढच्या वर्षी अमलात आला, आणि असा कायदा करणारे हे देशातले पहिले राज्य. गावकी ही ग्रामपंचायत नव्हे, हे खरे. पण गावकीत बसणारी माणसे आणि पंचायतीत निवडून येणारी माणसे कधी कधी तीच असतात, हेही तितकेच खरे.

या आक्षेपाला माझे उत्तर असे की, गाव चांगले असते म्हणून गावाच्या संस्थेकडे जायचे नसते. तिला हिशेब द्यायला लावता येतो म्हणून जायचे असते. गावकीची बैठक मंदिरात होते, तिचे इतिवृत्त नसते, तिच्या निर्णयाला दाद मागण्याची जागा नसते. ग्रामपंचायतीचा ठराव क्रमांकाने लिहिला जातो, त्यावर सह्या असतात, माहितीच्या अधिकारात त्याची प्रत मिळते, तो चुकीचा असेल तर वर दाद मागता येते. १९२७ च्या नगरपालिकेने ठराव मागे घेतला, पण घेतला तो तारखेसह, म्हणूनच आपण आज तिला त्याचा जाब विचारू शकतो. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींमध्ये अनुसूचित जाती, जमाती आणि स्त्रिया यांच्या जागा राखून ठेवल्या. कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा सक्तीच्या केल्या. आंबेडकरांची भीती यामुळे खोटी ठरली नाही, पण तिला तोंड देण्यासाठी ज्या खिडक्या हव्या होत्या त्या भिंतीत पाडल्या गेल्या. त्या उघडायच्या की नाहीत, हा पुन्हा माणसांचाच प्रश्न.

याच महाड तालुक्यातल्या तळीये गावावर, कोंढाळकर वाडीवर, २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळली. ५३ मृतदेह हाती आले, ३१ माणसे बेपत्ता राहिली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातल्या केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही दरडींनी माणसे नेली. सावित्री आणि गांधारीच्या पुराने महाड शहर पाण्याखाली गेले होते, घाटरस्ते दरडींनी बंद झाले होते, फोन लागत नव्हते. शोधपथके पोचायला दुसरा दिवस उजाडला, आणि तोपर्यंत चिखल उपसत होते ते आजूबाजूच्या वाड्यांतले लोक. या घटनेला मानवी हक्कांच्या चर्चेत ओढणे काहींना अतिशयोक्त वाटेल. डोंगराने जात पाहिली नाही, कुणी कुणाचा हक्क हिरावला नाही, निसर्गाचा कोप झाला, असे म्हटले जाते. कोसळण्यापुरते ते ठीक आहे. पण कोसळण्याच्या आधी कोणती वाडी धोक्याच्या यादीत आहे, कोणाला वेळेवर हलवले जाते, आणि कोसळल्यानंतर कोणाचे नाव पंचनाम्यात येते, हे डोंगर ठरवत नाही. दोन वर्षांनी, १९ जुलै २०२३ रोजी, खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली तेव्हा ती ठाकर आदिवासींची वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारनेच सांगितले. यादी वरून तयार होते, तडा जमिनीवर पडतो. पाऊस लागला की कोणत्या खाचरात पाणी उलट्या बाजूने येऊ लागते आणि कोणत्या घराच्या जोत्याला चीर गेली आहे, हे वाडीतल्या बायकांना भूवैज्ञानिकाच्या आधी कळलेले असते. ते ग्रामसभेच्या वहीत उतरत नाही, एवढेच.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ सालचा. त्याचे १२ वे कलम मदतीचे किमान निकष ठरवायला सांगते. निवारा, अन्न, पिण्याचे पाणी, औषधोपचार, स्वच्छता यांच्यासोबत विधवा आणि अनाथ यांच्यासाठी खास तरतूद त्यात आहे. कलम ४१ स्थानिक प्राधिकरणाची कामे सांगते. कलम ६१ म्हणते, नुकसानभरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव होणार नाही. हे वाचताना १९२३ चा ठराव आठवतो. पाणवठ्याच्या जागी निवाऱ्याची शेड आली, दवाखान्याच्या जागी मदतशिबिर आले, तत्त्व तेच. मदत म्हणजे उपकार, या समजुतीवर हा कायदा घाव घालतो. पण १९२४ च्या ठरावासारखा तोही वाटेतच थांबू शकतो, आणि थांबतो तो फार साध्या जागी. तळीयेतल्या ३१ बेपत्ता माणसांचेच पाहा. पुरावा कायद्याप्रमाणे बेपत्ता माणूस मृत मानायला साधारण सात वर्षे जावी लागतात. शोध थांबवताना नातेवाइकांच्या संमतीने त्यांना मृत घोषित करण्यात आले, म्हणून वारसांना मदतीचा मार्ग मोकळा झाला. मृत्यूची नोंद, वारसाचा दाखला, आधार कार्ड, बँकेचे पासबुक, सातबाऱ्यावरचे नाव ही कागदांची साखळी आहे, आणि कागद ठेवलेली पेटी घराबरोबर चिखलात गेलेली आहे. पाच लाख राज्याचे, दोन लाख केंद्राचे, अशी रक्कम जाहीर होते ती एका दिवसात. ती हातात पडते ती या साखळीच्या टोकाला. इथे ग्रामसेवक, तलाठी, सरपंच आणि त्यांच्या शेजारी अर्ज घेऊन बसलेला एखादा शिकलेला पोरगा यांचे मोल विधानसभेतल्या भाषणापेक्षा जास्त असते.

स्वयंसेवकांवर भार टाकला की सरकार सुटते, हा दुसरा आक्षेप. त्यात तथ्य आहे, आणि कोकणात तर फारच आहे. इथल्या प्रत्येक गावाचे मुंबईत मंडळ असते. लालबाग, नालासोपारा, भांडुपला राहणारे चाकरमानी वर्गणी काढून मंदिर बांधतात, पाखाडी घालतात, दवाखान्याचा खर्च उचलतात. जे पंचायतीने करायचे ते मंडळ करते आणि पंचायत निर्धास्त होते. आंबेनळी घाटात २०१८ मध्ये बस कोसळली तेव्हा दरीत उतरलेले ट्रेकर्स हेही असेच बिनपगारी. त्यांच्या धाडसाचे कौतुक झाले, दोराचा खर्च कुणी विचारला नाही. पण याचा अर्थ स्वयंसेवक नकोत असा होत नाही. १९२७ चे कार्यकर्ते सरकारच्या जागी विहीर खणायला गेले नव्हते, सरकारचा ठराव सरकारकडूनच पाळून घ्यायला गेले होते. हा फरक धरून ठेवला की आक्षेपाची धार बोथट होते. वर्गणी काढून शेड बांधणारे मंडळ आणि ग्रामसभेत उभे राहून ‘शेड कधी, घर कधी, हे ठरावात लिहा’ म्हणणारे मंडळ यांच्यात दुसरे अधिक त्रासदायक असते आणि म्हणून अधिक उपयोगी.

पंचायतीच्या हाती पैसा नसतो, तिच्या ठरावाला कोण विचारतो, असेही म्हणतात. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे अशा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यामागे करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांचा पाठपुरावा होता. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितले. एक पैसाही खर्च न करता खालच्या ठरावाने वरचा कागद हलवला. १९२३–२४ ला हा प्रवास उलट्या दिशेने झाला होता, मुंबईकडून महाडकडे. आता तो दोन्ही दिशांनी होतो. अर्थात परिपत्रक निघाले म्हणून गावोगाव कुंकू शाबूत राहिले असे कुणी समजू नये. हेरवाडलाही आपली तीन कोरडी वर्षे असतीलच.

वेळेचा हिशेब मात्र कोणत्याच कायद्यात नीट बसवलेला नाही. डिसेंबर १९२७ मध्ये आंबेडकर दुसऱ्या परिषदेसाठी आले ते बोटीने दासगावला उतरून, आणि तिथून महाडला चालत. त्याच दासगावावर, आणि जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर, २००५ च्या जुलैत दरडी कोसळल्या. दहा वर्षे उलटून गेल्यावरही दासगावची काही दरडग्रस्त कुटुंबे पत्र्याच्या शेडमध्येच राहत होती. तळ्याचा दावाही मनाई हुकमापासून उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत जवळपास दहा वर्षेच चालला होता, पण तिथे निदान समोर कोणी वादी होता, त्याचे म्हणणे होते, तारखा पडत होत्या. शेडमध्ये राहणाऱ्यांविरुद्ध कुणीच दावा लावलेला नव्हता. तळीयेचे पुनर्वसन म्हाडा करील असे २०२१ मध्येच जाहीर झाले, आणि तरी दोन पावसाळे लोकांनी कंटेनरमध्ये काढले. पुढच्या ग्रामसभेचा अजेंडा लागेल तेव्हा त्यावर घरकुलांचा विषय कितव्या क्रमांकावर आहे, ते पाहायला हवे.