माहेरी जाताना

हर्सूल टी पॉइंटवर फुलंब्री-सिल्लोडकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघणाऱ्यांत दिवस भरत आलेली एखादी लेक असतेच. पहिलं बाळंतपण माहेरी. डोहाळजेवण उरकलं, ओटी भरली, की भाऊ न्यायला हजर. पिशवीत साड्या, डिंकाचे लाडू, बाळाची झबली. दवाखान्याची फाइल मात्र बरेचदा सासरच्या कपाटातच राहते.

आणि बीपी चढतं ते याच दिवसांत. गरोदरपणामुळे होणारा रक्तदाबाचा त्रास २० आठवड्यांनंतर सुरू होतो, बहुतेकींना शेवटच्या तीन महिन्यांत. १४०/९० दिसलं की डॉक्टर सावध होतात. १६०/११० म्हणजे तडक दवाखाना. पण चढलेलं बीपी दुखत नाही, खुपत नाही. "मला काहीच होत नाही," असं ती म्हणते, आणि ते खरंच असतं. बांगड्या मनगटात रुतायला लागल्या, तोंड सुजलं, तरी मावशा कौतुकाने म्हणतात, "अंग कसं छान भरलंय!"

पायावरची सूज पुष्कळदा साधी असते. पण हात-तोंड एकाएकी सुजलं, डोकं ठणकायचं थांबेना, डोळ्यांपुढे काजवे चमकले, बरगडीखाली दुखू लागलं, तर ते पित्त समजून लिंबू-सोडा पाजत बसू नये.

फाइलचं एवढं काय? माहेरच्या डॉक्टरला १३०/८६ हा आकडा एरवी चालून जाईल. तिसऱ्या महिन्यात तिचं बीपी १००/६० होतं हे कार्डावर दिसलं, तर तो थबकेल, लघवीतलं प्रोटीन तपासायला सांगेल, चार दिवसांत परत बोलावेल.

आपल्याकडे बीपी म्हटलं की आधी ताटातलं मीठ जातं. या दुखण्यात मीठ तोडून फारसं काही साधत नाही. लॅबेटालॉल किंवा निफेडिपिनची गोळी लिहून दिली असेल तर ती वेळेवर घेणं जास्त मोलाचं. बरं वाटतंय म्हणून मनानेच बंद करू नये. या दुखण्यात येऊ शकणारे झटके टाळायला मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय चाचणीत, ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायकांमध्ये, त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी केला. औषध जुनं, स्वस्त. बाई वेळेत पोहोचली पाहिजे, इतकंच. हर्सूलहून घाटी रुग्णालय जवळ आहे. सिल्लोडच्या पलीकडच्या वाडीवरून नाही.

बाळ झालं की सगळे निर्धास्त होतात. बाळंतिणीला शेक-शेगडी, डिंक-अळीव सगळं मिळतं, बीपी मात्र कुणी मोजत नाही. झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात, म्हणून पहिला आठवडा तरी ते मोजलंच पाहिजे.

तेव्हा लेकीला न्यायला जाणाऱ्यांनी ओटीच्या आधी फाइल मागून घ्यावी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची मोफत तपासणी असते, ती माहेरीही चुकवू नये. आणि वर सांगितलेलं एकही लक्षण दिसलं, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करावा.