वहीत न चढलेलं भाडं

माझी भाची तीन वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या जर्सी सिटीत शिकायला गेली. तिच्यापाशी विद्यापीठाचं प्रवेशपत्र होतं, मंजूर झालेलं शैक्षणिक कर्ज होतं आणि तिच्या वडिलांनी पुण्यातल्या घराचं वीस वर्षांचं कर्ज एकही हप्ता न थकवता फेडल्याचा बँकेचा दाखला होता. जर्नल स्क्वेअरजवळच्या एका इमारतीच्या कचेरीत यातला एकही कागद कुणी उघडला नाही. तिथल्या बाईंनी फक्त क्रेडिट स्कोअर विचारला. आठवड्यापूर्वी विमानातून उतरलेल्या मुलीचा स्कोअर असणार कुठून? अर्ज तिथेच थांबला. शेवटी आधीच्या वर्षीच्या तीन मुलींनी आपल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये तिला गादी टाकायला जागा दिली, महिना ६०० डॉलर. ती अठरा महिने तिथे राहिली, अठराही महिने तिनं एक तारखेला पैसे भरले, आणि त्यातला एक डॉलरही तिची पत ठरवताना जमा धरला गेला नाही.

क्रेडिट स्कोअरचा हा आकडा कसा बनतो ते आधी पाहू. बिल फेअर हा अभियंता आणि अर्ल आयझॅक हा गणिती, या दोघांनी १९५६ साली कंपनी काढली. त्या दोघांच्या आडनावांवरून नाव पडलेला फायको स्कोअर १९८९ साली बाजारात आला. तो ३०० ते ८५० या टप्प्यात असतो. देणी वेळेवर फेडली का, याला ३५ टक्के वजन. किती उधारी अंगावर आहे, याला ३० टक्के. उरलेलं वजन खाती किती जुनी, किती नवी आणि किती प्रकारची, याला. येत्या दोन वर्षांत हा माणूस एखादं देणं नव्वद दिवसांहून जास्त थकवील का, एवढाच अंदाज त्यातून बांधायचा असतो. पगार त्यात धरत नाहीत, बचतही नाही. ज्यानं कधी कर्ज घेतलं नाही त्याच्याबद्दल हा आकडा काहीच बोलत नाही.

आणि भाडं? इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन क्रेडिट संस्थांना बँका आणि कार्ड कंपन्या दर महिन्याला माहिती धाडतात. घरमालक सहसा धाडत नाहीत. मात्र भाडेकरू थकबाकी ठेवून गेला आणि मालकानं ती वसुली एजन्सीकडे सोपवली, तर तो डाग त्याच्या क्रेडिट अहवालावर सात वर्षं राहू शकतो. जुन्या वहीखात्याच्या भाषेत सांगायचं तर भाडेकरूच्या खात्यात फक्त 'नावे' पडतं, 'जमा' सहसा पडत नाही. शेजारच्या फ्लॅटमधला माणूस तेवढीच रक्कम गृहकर्जाचा हप्ता म्हणून भरतो आणि दर महिन्याला त्याची पत वाढते. भाडेकरूच्या खर्चात सर्वांत मोठी रक्कम भाड्याची असते. त्याला घर द्यायचं की नाही हे ठरवताना नेमकी तीच पाहिली जात नाही. माझा आक्षेप आहे तो इथे.

अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण संस्थेनं २०१५ साली अंदाज मांडला की देशातल्या २ कोटी ६० लाख प्रौढांच्या नावावर या संस्थांकडे कसलीच नोंद नव्हती. त्या अंदाजानुसार गोऱ्या आणि आशियाई लोकांत हे प्रमाण सुमारे ९ टक्के होतं, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक लोकांत सुमारे १५ टक्के.

तरी आकडा येण्याआधीचा काळ बरा होता असं मी म्हणणार नाही. आजची इक्विफॅक्स १८९९ साली अटलांटात 'रिटेल क्रेडिट कंपनी' या नावानं सुरू झाली. तिचे लोक शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून माणसाचं पिणं, संसार, चालचलणूक यांची माहिती काढून फायली भरायचे. अशा फायलींवर लगाम घालणारा कायदा १९७० साली आला. बाई आहे किंवा लग्न झालेलं आहे म्हणून कर्ज नाकारायचं नाही, हा कायदा त्यानंतर चार वर्षांनी झाला. अहवालामुळे घर नाकारलं तर तसं कळवणं अमेरिकेतल्या मालकाला कायद्यानं भाग आहे. हीच भाची अमेरिकेला जाण्याआधी मुंबईत घर शोधत होती. तिथे तिला आडनाव विचारलं, मटण-मासे खाता का ते विचारलं, एकट्या मुलींना देत नाही असंही सांगितलं. त्या नकारांचं कारण लिहून मागायची सोय कुठेच नव्हती. आकड्याला आडनाव कळत नाही, हा त्याचा मोठा गुण मी मानतो.

पण तो चुकीच्या ठिकाणी वापरला की हा गुण संपतो. मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी भाडेमदत मिळणाऱ्या भाडेकरूंनी, घरमालकांसाठी भाडेकरूंना गुण देणाऱ्या सेफरेंट या कंपनीवर खटला भरला. भाड्याचा मोठा वाटा सरकार थेट मालकाला देतं, मग आमच्या जुन्या उधारीवरून गुण का कापता, हा त्यांचा प्रश्न होता. २०२४ मध्ये सुमारे २३ लाख डॉलरवर तडजोड झाली. चूक मात्र कंपनीनं कबूल केली नाही.

भरलेले पैसे जमा न धरण्याचं हे दुखणं महाराष्ट्राला नवं नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांच्या दारावर गेले. त्यांचा रोख माणसांपेक्षा कर्जखतांवर आणि वह्यांवर होता. त्या त्यांनी ओढून काढून जाळल्या. पैसे देऊनही पावती मिळत नाही, जमा धरलं जात नाही, ही कुणब्यांची जुनी तक्रार होती. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यानं त्यांना लेखी पावती आणि खात्याचा उतारा मागण्याचा हक्क दिला. आज पीककर्ज मागणाऱ्याला बँकेत सिबिल, म्हणजे भारतातला क्रेडिट स्कोअर, विचारला जातो. तसं विचारू नका, असं राज्य सरकार बँकांना बजावतं. दर हंगामाला शेतकऱ्यानं अडत्याची उचल आणि कृषी सेवा केंद्राची उधारी चुकती केलेली असते, पण ती सिबिलला दिसत नाही.

कॅलिफोर्नियात १ एप्रिल २०२५ पासून बहुतेक मोठ्या घरमालकांना, वेळेवर भरलेलं भाडं क्रेडिट संस्थेला कळवण्याचा पर्याय भाडेकरूपुढे ठेवावा लागतो. घ्यायचा की नाही हे भाडेकरूनं ठरवायचं. हे मला पटतं. गळकं छत दुरुस्त होईपर्यंत भाडं अडवून धरणाऱ्यावर डाग पडता कामा नये. पण ज्यानं भरलं त्याला ते दाखवता आलं पाहिजे, आणि हा हक्क पावतीइतकाच साधा असायला हवा.

भाचीनं मग बँकेत ५०० डॉलर अनामत ठेवून तेवढ्याच मर्यादेचं कार्ड घेतलं. त्यावर ती दूध, तांदूळ, कांदे घ्यायची आणि महिनाअखेरीला बिल चुकतं करायची. सहा महिन्यांनी तिचा पहिला स्कोअर तयार झाला, पुढे तो सातशेच्या वर गेला, आणि तिला स्वतःच्या नावावर घर मिळालं. हॉलमधल्या त्या जागेसाठी तिनं भरलेले १०,८०० डॉलर अजून कुठल्याच वहीत नाहीत. त्या अठरा पावत्या तिनं फोनमध्ये जपून ठेवल्या आहेत. पुढच्या घराच्या अर्जाला ती त्या जोडणार आहे.