खाड्याचे पैसे आणि चांदीचा करंडक

हौशी क्रीडा क्लबांच्या इतिहासात स्थापनेची तारीख, गाजलेले सामने आणि अध्यक्षांची यादी हमखास सापडते. जमाखर्च सापडला तर शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात. कलकत्त्याच्या एका अल्पायुषी रग्बी क्लबाचा लौकिक मात्र त्या शेवटच्या पानामुळेच टिकला आहे.

1872 च्या नाताळात कलकत्त्यात इंग्लंडच्या नावाने वीस जण एका बाजूला आणि स्कॉटलंड, आयर्लंड व वेल्सचे मिळून वीस जण दुसऱ्या बाजूला असा रग्बीचा सामना झाला. लोकांना तो इतका आवडला की आठवड्याभरात पुन्हा खेळला गेला. 1873 च्या जानेवारीत क्लब निघाला आणि पुढच्या वर्षी तो इंग्लंडच्या रग्बी फुटबॉल युनियनचा सदस्यही झाला. बंगालच्या दमट हवेत हा अंगावर जाण्याचा खेळ खेळणारे म्हणजे सरकारी नोकरीतले, कोठ्यांमधले आणि पलटणींतले गोरे तरुण. चार-पाच वर्षांत सारे आटोपले. खेळाडू पुरवणारी पलटण बदलीवर गेली. टेनिस आणि पोलो हे तिथल्या हवेला मानवणारे खेळ लोकांना जवळचे वाटू लागले. क्लबातला फुकट दारूचा गुत्ता बंद करावा लागला, तेव्हा तर सभासद भराभर गळाले. खेळावरच्या निर्व्याज प्रेमाच्या गप्पा मारणाऱ्यांनी हे शेवटचे कारण जरा जपून वाचावे.

रोथ्नी नावाचे गृहस्थ क्लबाचे कप्तान, चिटणीस आणि खजिनदारही होते. एरवी ते बंगालातल्या मुंग्यांचा अभ्यास करत. शिल्लक रकमेचे काय करावे, हा प्रश्न त्यांच्यासमोर आला. एखादी मेजवानी झोडता आली असती. त्याऐवजी 1877 च्या डिसेंबरात त्यांनी युनियनला पत्र लिहिले, की रग्बीचे काही कायमचे भले व्हावे म्हणून या पैशाचा करंडक करून द्यावा असे क्लबाला वाटते. बँकेतून 270 चांदीचे रुपये काढले, वितळवले आणि भारतीय कारागिरांकडून करंडक घडवून घेतला. तीन मुठी, त्या तीन नागांच्या. झाकणावर हत्ती. तोच कलकत्ता कप. इंग्लंड आणि स्कॉटलंड त्यासाठी पहिल्यांदा 1879 मध्ये एडिंबरात खेळले. सामना बरोबरीत सुटला. या करंडकासाठी खेळण्याची परंपरा आजही चालू आहे.

आपल्याकडे मंडळाच्या शिल्लक रकमेवरून दोन गट पडतात, धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज जातात आणि माणसे म्हातारी होईपर्यंत वाद चालतो. त्या मानाने संस्था कशी मिटवावी याचा हा नमुनाच म्हणायला हवा. स्वच्छ हिशेब, कुणाच्या खिशात काही नाही आणि नाव मागे उरेल अशी वस्तू. इथवर मी रोथ्नींना पूर्ण गुण देतो.

पण ‘रग्बीचे कायमचे भले’ हे कारण सहज घशाखाली उतरत नाही. 1876 ते 1878 ही मद्रास इलाख्यातल्या आणि दख्खनमधल्या भीषण दुष्काळाची वर्षे. सोलापूर, अहमदनगर, पुणे, सातारा या भागांत माणसे गावे सोडून दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. त्याआधी बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर असलेल्या रिचर्ड टेंपल यांनी 1877 मध्ये मजुराची रोजी खाली आणली ती दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा इतकी. मुंबई इलाख्यात मजुरांनी त्याविरुद्ध कामे सोडली आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. क्लबाचे 270 रुपये म्हणजे 4320 आणे. एवढ्याने दुष्काळ हटला नसता, हे उघड आहे. त्या तरुणांनी तो आणलाही नव्हता. मला खुपते ते इतकेच, की ‘भले’ म्हणताना त्यांच्या डोळ्यांसमोर जेवढे होते, तेवढ्यात हा देश बसतच नव्हता.

सार्वजनिक सभाही बिनपगारी माणसांनीच चालवली होती. 1870 मध्ये गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने ती स्थापन झाली, तेव्हा सभासद व्हायला किमान पन्नास लोकांचे मुखत्यारपत्र लागत असे. राजकीय सभा आणि खेळाचा क्लब यांची तुलना ओढूनताणून वाटेल, पण दोन्ही ठिकाणी माणसे फावल्या वेळातच जमत होती. एकीकडे आत येताना दुसऱ्या पन्नास जणांना उत्तर देण्याची जबाबदारी घ्यावी लागे. दुसरीकडे उत्तर द्यायचे ते आपल्यासारख्याच सभासदांना, आणि लांबच्या लंडनला.

हा फावला वेळ येतो कुठून, यावरून पुढे खुद्द इंग्लंडमध्ये हा खेळ दुभंगला. यॉर्कशर आणि लँकेशरमध्ये खाणींतले आणि गिरण्यांतले कामगार रग्बी खेळू लागले होते. सामन्यासाठी शनिवारी काम सोडले की रोज बुडायचा. खाड्याची भरपाई द्या, एवढेच त्यांच्या क्लबांचे म्हणणे. 1893 मध्ये युनियनने ही मागणी 282 विरुद्ध 136 मतांनी फेटाळली. पैसे घेतले की खेळ बाटतो, हे सांगणारे बहुतेक लोक खाडा म्हणजे काय हे न कळताच वाढलेले होते. 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. त्यातून पुढे रग्बी लीग हा निराळा खेळच तयार झाला. उरलेल्या रग्बीने पैशावरची बंदी उठवली ती 1995 च्या ऑगस्टमध्ये, शंभर वर्षांनी. क्लबाच्या खर्चाने दारू प्यायलेला कलकत्त्याचा सभासद हौशी राहिला आणि बुडालेला रोज मागणारा खाणकामगार धंदेवाईक ठरला. यातला अन्याय समजायला रग्बी कळायची गरज नाही.

मुंबईच्या गिरणगावाला तर तो अजिबात समजावून सांगावा लागणार नाही. लालबाग-परळच्या मंडळांतली पोरे पाळी सांभाळून कबड्डी खेळली. पुढे रेल्वे, पोलीस, बँका यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, म्हणून त्यांतल्या काहींचा खेळ टिकला. देशातल्या कबड्डी संघटनेच्या नावातच कितीतरी वर्षांपासून ‘अमॅच्युअर’ आहे, पण खेळाडूचा हौशीपणा कुणाच्या तरी पगारपत्रकावर उभा होता हे सगळ्यांना ठाऊक होते. त्यात लपवण्यासारखे काही नव्हते आणि कुणी लपवलेही नाही.

कलकत्त्यात रग्बी 1884 च्या सुमारास पुन्हा सुरू झाली आणि या वेळी टिकली. 2004 मध्ये तिथे जंगल क्रोज हा क्लब निघाला. वस्त्यांतली, मैदानाच्या कडेला खेळ बघत उभी राहणारी मुले त्यात खेळाडू झाली. माझ्या लेखी त्या शहराच्या रग्बीतली ही घटना कलकत्ता कपापेक्षा मोठी आहे, मग तिचा करंडक कुणी लंडनच्या संग्रहालयात ठेवो वा न ठेवो.

येत्या वर्षांत राज्यातली कितीतरी क्रीडा मंडळे पन्नाशी-पंचाहत्तरी साजरी करतील आणि स्मरणिका काढतील. संपादकांना एक विनंती आहे. करंडकांच्या छायाचित्रांतले एखादे पान कमी करा आणि त्या जागी तीन गोष्टी छापा: खेळाडूंचा खाडा कुणी भरला, वर्गणी परवडली नाही म्हणून कोण सुटले, आणि मुली मैदानात कोणत्या वर्षी उतरल्या.