सोडलेले अस्त्र आणि आवरणारा हात

खंडेनवमीला डोंबिवलीच्या एमआयडीसीत आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये यंत्रे लख्ख पुसली जातात. लेथच्या चकला हळदकुंकू लागते, झेंडूची माळ चढते, नारळ फुटतो आणि पूजा झालेल्या हत्याराला त्या दिवशी विश्रांती मिळते. कल्याणच्या पुढे अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. त्यामुळे या पट्ट्यात ‘शस्त्रपूजा’ म्हणजे केवळ जुन्या तलवारीला वाहिलेले फूल नव्हे. रोजच्या पगाराशी जोडलेली ती गोष्ट आहे. या पूजेमागे एक श्रद्धा आहे: हत्यारात देवत्व आहे, म्हणून त्याचा मान राखावा. पण हत्यारात देवत्व मानले, तर त्यात विवेकही असतो का? आणि नसेल, तर तो कुठे शोधायचा? माझे उत्तर असे की विवेक हत्यारात नसतो, तो चालवणाऱ्यात असावा लागतो. आणि त्याची कसोटी अस्त्र सोडण्यात नाही, सोडलेले मागे घेण्यात आहे.

याच प्रश्नाचे एक रूप ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानमालिकेत दिसते. मालिकेला 50 वर्षे झाली तेव्हा, 23 नोव्हेंबर 2013 रोजी, बीबीसीने दाखवलेल्या खास भागात ‘मोमेंट’ नावाचे एक गुप्त अस्त्र आहे. गॅलिफ्रे या ग्रहाच्या पूर्वजांनी घडवलेले हे अस्त्र अख्ख्या आकाशगंगा गिळू शकते. पण घडता घडता त्याला जाणीव आली आणि जाणिवेबरोबर सदसद्विवेकही. त्यामुळे ते वापरायला कुणी धजावत नाही, कारण ते वापरणाऱ्याचाच न्याय करते. मालिकेचा नायक डॉक्टर युद्धाला विटून ते पळवून आणतो, तेव्हा ते एका तरुणीच्या रूपाने त्याच्याशी बोलू लागते आणि विचारते, या ग्रहावर मुले किती आहेत? त्याने कधी मोजलेलीच नसतात. कल्पना लोभस आहे. अस्त्रच आपल्याला अडवणार असेल, तर माणसाच्या दुबळेपणाची काळजी उरत नाही. पण कथा नीट पाहिली तर अस्त्र त्याला अडवत नाही. ते फक्त त्याच्या कृत्याचे भविष्य त्याला दाखवते. शेवटी बटणावरून हात बाजूला घेऊन दुसरा मार्ग शोधतो तो डॉक्टरच. म्हणजे शस्त्राला विवेक देणाऱ्या लेखकालाही निर्णय शस्त्रावर सोपवता आला नाही.

महाभारताच्या सौप्तिकपर्वाने हीच गोष्ट अधिक कठोरपणे मांडली आहे. तिथे ब्रह्मशिर अस्त्राला काही कळत नाही. माणसे मात्र पारखली जातात. द्रोणांनी ते अर्जुनाला आनंदाने दिले. त्यांच्या मुलाने, अश्वत्थाम्याने, हट्ट धरला तेव्हा त्यालाही दिले, पण मन घट्ट करून, आणि कितीही मोठे संकट आले तरी माणसांवर ते सोडू नये असे बजावून. पुढे अश्वत्थामा द्वारकेला गेला आणि ब्रह्मशिराच्या बदल्यात कृष्णाकडे सुदर्शन मागू लागला. कृष्णाने चक्र समोर ठेवले. अश्वत्थाम्याने आधी डावा हात घातला, मग उजवा, मग सारे बळ लावले. चक्र हलले नाही. ते कशासाठी हवे होते, असे विचारल्यावर त्याने सरळ सांगितले, तुझ्याशीच लढायला. युद्ध संपल्यावर याच माणसाने पांडवांच्या नाशासाठी गवताची काडी मंतरून सोडली. अर्जुनाने ते अस्त्र शमवण्यासाठी आपले अस्त्र सोडले. नारद आणि व्यास मध्ये उभे राहिले, तेव्हा अर्जुनाने आपले अस्त्र परत घेतले. अश्वत्थाम्याला ते जमले नाही. त्याला सोडण्याचा मंत्र येत होता, पण आवरायला लागणारा संयम त्याने कधी कमावलाच नव्हता. मग ते अस्त्र पांडवस्त्रियांच्या गर्भांवर गेले. ज्यांनी युद्ध पाहिलेही नव्हते, त्यांच्यावर.

यावर पहिला आक्षेप असा: ही कथा आहे, खऱ्या जगात भीतीच शांतता राखते. समोरच्याकडेही तेवढेच भयंकर अस्त्र असले की कुणी पहिला हात उचलत नाही. हा युक्तिवाद पोकळ नाही, आणि अण्वस्त्रांचा प्रथम वापर न करण्याचे भारताचे धोरणही त्याच गणितात बसते. पण भीतीचे गणितही शेवटी एखाद्या माणसाच्या संयमावर टेकलेले असते. 26 सप्टेंबर 1983 रोजी सोव्हिएत इशारायंत्रणेने अमेरिकेची क्षेपणास्त्रे निघाल्याचे दाखवले. कर्तव्यावरचे अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव यांनी तो इशारा खोटा ठरवला, आणि तो खोटाच निघाला. त्या रात्री यंत्राने आपले काम चोख केल्याचा आव आणला. थांबण्याचे काम माणसाने केले.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. बंदुकीची गोळीही परत येत नाही, मग मागे घेता येणे हीच कसोटी धरली तर सैनिकाने स्वसंरक्षणही करू नये काय? तसे नाही. गोळी सुटते त्या क्षणापर्यंत ती कुणावर, का आणि थांबायचे कधी, हे सैनिकाच्या हाती असते. तिचा मारही बहुधा त्या क्षणापुरता असतो. भूसुरुंगाचे तसे नाही. तो पेरणारा घरी जातो, तह होतो, आणि वर्षांनंतर गुरामागे धावणाऱ्या पोराचा पाय त्यावर पडतो. अश्वत्थाम्याचे अस्त्र जसे गर्भावर गेले, तसेच हे. आता स्वतः लक्ष्य निवडून मारणारी यंत्रे येत आहेत. डिसेंबर 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्यांबद्दल चिंता व्यक्त करणारा ठराव केला, तेव्हा भारताने विरोधात मत दिले. देशाच्या संरक्षणाच्या अडचणी खऱ्या आहेत. तरीही ज्या देशाने सौप्तिकपर्व जपले, त्याने आवरणारा हात काढून घेणाऱ्या शस्त्राबद्दल सर्वांत आधी बोलायला हवे होते.

म्हणून खंडेनवमीची पूजा सोडू नये, तिचा अर्थ पुरा करावा. हत्यार पवित्र आहे असे म्हणताना त्याची जबाबदारी त्याच्यावर ढकलता येणार नाही. येत्या नवमीला यंत्रापुढे हात जोडणाऱ्या प्रत्येकाने, आणि त्याच्या नावाने शस्त्रे विकत घेणाऱ्या सरकारनेही, एवढे स्वतःला विचारावे: हे सुटल्यावर थांबवणारे कुणी उरते का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ते सोडण्याचा अधिकार कुणालाही नाही.